बिननोंदीचा जोड

जोड्यांच्या त्या छोट्या कारखान्यात तिला 'यादीमावशी' सोडून दुसऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. कारखाना म्हणायचा आपला. खाली दोन खोल्या, पुढच्या खोलीत गिऱ्हाइकांची बाकडी, मागच्या खोलीत काम, आणि मधल्या दाराजवळून वर जाणारा लाकडी जिना, कारण वर मालकांचं घर. चौतीस वर्षांपूर्वी मावशी इथं टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा तिची वेणी लांब होती आणि कंबर दुखत होती. आता वेणी गेली, मध्ये इतकी वर्षं गप्प बसलेली कंबर पुन्हा बोलायला लागली, आणि या महिनाअखेरीला तिनं काम सोडायचं ठरवलं होतं. "झालं माझं," ती म्हणायची. "बसलं की उठवत नाही, उठलं की बसवत नाही. असल्या माणसानं गपगुमान घरी बसावं."

पण जायच्या आधी दोन कामं तिच्या गळ्यात पडली. एक म्हणजे कारखान्याचा जुना कॉम्प्युटर शुक्रवारी संध्याकाळी निघणार होता. त्यातलं सगळं नव्यावर न्यायचं, मग जुना पुसून कोरा करायचा आणि देऊन टाकायचा. हे काम धाकटीनं सांगितलं होतं. धाकटी म्हणजे मालकांची मुलगी. चाळिशी उलटली तरी धाकटीच, आणि आता कारखाना तीच चालवते.

दुसरं काम काकूंचं. काकू म्हणजे धाकटीची आई, वय वर्षं एक्याऐंशी, गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद. त्यांचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. परवा मावशी वर चहाला गेली तर काकू म्हणाल्या, "अगं, मला त्यांचा चेहरा दिसतो, हात दिसतात, नखातला सरससुद्धा दिसतो. पण आवाज येईना बघ. आठवायला जाते तर माझाच आवाज ऐकू येतो. ते त्या डबड्यात बोलायचे ना, तुझ्यासाठी? त्यातलं तुझ्या कॉम्प्युटरात काही उरलं असेल का गं?"

"बघते काकू," मावशी म्हणाली, आणि चहा अर्धा टाकून उठली. कारण उरलं नसणार, हे तिला जवळजवळ ठाऊक होतं. आणि ते न उरण्याला जबाबदार कोण, हेही.

काकूंच्या यजमानांना सगळं जग मिस्त्री म्हणे. होते मालक, पण मालक म्हटलेलं त्यांना खपत नसे. लाकूड तासतो तो मिस्त्री, विषय संपला. ज्यांचे पाय बाजारच्या जोड्यात मावत नाहीत अशांचे जोडे ते करायचे. कुणाचा अंगठा आडवा गेलेला, कुणाची टाच आत कललेली, कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड. अशा प्रत्येकासाठी आधी लाकडाचे दोन साचे व्हायचे, डावा नि उजवा. त्याला कलबूत म्हणतात. त्यावर कातडं ताणून जोडा शिवायचा. साचा चुकला की जोडा चुकला, म्हणून मिस्त्री कानस घेऊन तासन्‌तास साच्याशी झटत. त्या वेळी कुणी बोलायला गेलं तर मान वर न करता नुसतं "हं". त्या "हं"चेसुद्धा चार अर्थ होते आणि चारही मावशीला कळायचे.

तयार साचे मागच्या खोलीत भिंतीभर खिळ्यांना टांगलेले. प्रत्येक जोडीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर क्रमांक, आणि नोंदवहीत त्या क्रमांकासमोर माणूस कोण आणि पाय कसा, ते. ही नोंदवही मावशीच्या ताब्यात. मिस्त्री वहीला हात लावत नसत. सरसाचे हात, पान चिकटेल म्हणायचे. खरं म्हणजे लिहायचा कंटाळा.

आणि दर शनिवारी चहा झाला की यादी. यातून सुटका नव्हती. मावशी वहीतून क्रमांक वाचायची, मिस्त्री तो साचा शोधून त्याचं नाक, म्हणजे बोटांकडचं टोक, भिंतीकडे फिरवायचे आणि म्हणायचे, "हजर." वही संपली की ज्यांची नाकं अजून खोलीकडे, ते बिननोंदीचे. मग मिस्त्री तो एकेक हातात घेऊन वर धरायचे आणि खोलीला विचारायचे, "याचा धनी कोण?" शिवणारे, कापणारे, जो कोणी असेल त्यानं सांगायचं. धनी सापडला तर बिल्ला आणि नोंद. नाही सापडला तर सरस शिजवायच्या चुलीत. नव्या माणसांना हा प्रकार येडपटपणा वाटायचा. दोन-तीन शनिवार गेले की तेही मागून ओरडायला लागायचे, "धनी मेला, मिस्त्री! घाला चुलीत!"

एक जोड मात्र या सगळ्यातून सुटलेला होता. मधल्या दाराआड, मिस्त्रींच्या जुन्या ॲप्रनखाली, खिळ्याला साच्यांची एक जोडी टांगलेली असायची, बिल्ला नसलेली. लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मावशीनं विचारलं होतं, "आणि हा?"

"तो सोड."

"पण बिल्ला नाही त्याला."

"म्हणूनच म्हणतो, तो सोड."

मावशी मनातून धुमसली. दुसऱ्याचा साचा बिनबिल्ल्याचा दिसला की चूल, आणि स्वतःच्या दाराआड सगळं माफ! पण मालकाशी वाद कोण घालणार? पुढे सवयीनं तिला तो खिळा दिसेनासाच झाला. शनिवारी दारापाशी आली की नजर आपोआप उडी मारून पुढच्या भिंतीवर जायची.

कारखान्याची आणखी एक पद्धत होती. दर वर्षी कारखाना सुरू झाल्याच्या दिवशी कामावरच्या प्रत्येकाला मिस्त्रींच्या हातचा नवा जोड. मावशीला पहिल्याच वर्षी मिळाला, साधा, काळा, बंदाचा. पायात घातला तर असा बसला की तिनं तोंडात बोट घातलं. "पाय तर मोजला नाहीत माझा!" मिस्त्री म्हणाले, "चप्पल दुरुस्तीला दिली होतीस ना. झिजलेली टाच सगळं सांगते." त्यानंतर सहाएक महिन्यांत तिचं कंबरेचं दुखणं पळालं. याचं श्रेय तिनं कारखान्यानं आणलेल्या नव्या खुर्चीला दिलं. येईल त्या गिऱ्हाइकाला ती खुर्ची दाखवायची. "लाकडाचीच आहे, पण पाठ बघा, काय पाठ आहे!" मिस्त्री मागच्या खोलीत कानस थांबवायचे आणि म्हणायचे, "चांगली आहे खुर्ची."

मिस्त्री गेले आणि जोडाची पद्धतही गेली, शनिवारची यादीही. त्यांच्या हातचे शेवटचे दोन जोड मावशीनं जपून, आलटून पालटून सात वर्षं वापरले. गेल्या साली दुसराही उकलला, तेव्हा डोळे पुसून तिनं बाजारातला घेतला.

आता कॉम्प्युटर. तो आला बावीस वर्षांपूर्वी. नोंदवही त्यात गेली, पुढे साच्यांचे आकारही मोजून त्यात जायला लागले. धाकटी तेव्हा कॉम्प्युटरचंच शिकत होती. पुढे एकदा सुट्टीत घरी आली आणि तिनं मावशीचं फोल्डर उघडलं. एकाच माणसाच्या तीन फाइली: 'शेवटची', 'शेवटची नवी', आणि 'शेवटची अगदी खरी'. धाकटीनं कपाळाला हात लावला. तीन दिवस बसून तिनं सगळं रेपॉझिटरीत घातलं. म्हणजे असं, की कोणत्या फाइलीवर नजर ठेवायची ते एकदा सांगायचं. मग त्या फाइलीत कुणी, कधी, काय बदललं, सगळं नोंदलं जातं, आणि मागचं कधी हरवत नाही.

मिस्त्रींच्या तोंडात तो शब्द काही बसेना. ते म्हणाले, "म्हणजे कोठी."

"हो बाबा, कोठी. आणि ही घ्या तुमची शनिवारची यादी." धाकटीनं एका पुठ्ठ्यावर दोन हुकूम लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले. पहिला टाइप केला की कोठीत नोंद असलेल्या सगळ्या फाइली दिसायच्या. दुसरा केला की बिननोंदीच्या. म्हणजे फोल्डरात आहेत खऱ्या, पण कोठीला त्यांचा पत्ता नाही. दुसऱ्या मशीनवर कोठीची प्रत घेतली तर नोंदीतल्या तेवढ्या जाणार, बिननोंदीच्या इथंच राहणार. मिस्त्रींना हे एका झटक्यात कळलं. त्या शनिवारपासून भिंतीची यादी झाली की कॉम्प्युटरची यादी. मावशी पडद्यावरून वाचणार, मिस्त्री स्टुलावर बसून विचारणार, "याचा धनी कोण?"

याच सुमाराला ते डबडं आलं. आवाज साठवायचं, मुठीत मावेल एवढं. मिस्त्री लिहीत नाहीत आणि त्यांच्या मागं वही घेऊन उभं राहून मावशीचे पाय दुखतात, म्हणून धाकटीनं आणून दिलं. मिस्त्रींना एकच बटण शिकवलं, तांबडं. साचा तासताना ते दाबून बोलायचे, "क्रमांक चारशे बारा. उजव्या करंगळीला जागा जास्त." शेवटी म्हणायचे, "एवढंच." मावशी ते ऐकून टाइप करायची. "एवढंच" ऐकलं की बंद करायची आणि पुढचं लावायची. टाइप केलेलं कोठीत जायचं. आवाजाची फाइल नुसतीच फोल्डरात पडून राहायची.

पडून पडून त्यांचा ढीग झाला. एका शनिवारी बिननोंदीच्या यादीत एकसष्ट आवाज निघाले. सातव्याला मिस्त्रींनी स्टूल मागे सरकवलं. "अगं, किती वेळ हा पाढा?"

"तुमचाच आवाज आहे. धनी तुम्हीच."

"टाइप केलंस ना? मग माझ्या आवाजाला काय फ्रेम करायचीय? मला दाखवत जाऊ नकोस ते."

पुढच्या शनिवारी यादीत आवाजाची एकही फाइल नव्हती. मिस्त्री खूश झाले, चहा दुसऱ्यांदा आला. मावशीनंच काहीतरी केलं होतं. काय केलं, ते इतक्या वर्षांनी तिला नीट आठवत नव्हतं; पुसल्या असणार, दुसरं काय? काकूंनी विचारल्यापासून तिला हेच खात होतं. बाकी सगळ्यांचे पाय जपले, आणि ज्यानं ते जपायला शिकवलं त्याचा आवाज आपण आपल्या हातानं पुसला.

तरी ती डोळ्यांत तेल घालून शोधायला बसली. बुधवारी सकाळी पहिला हुकूम दिला. नोंदीतल्या फाइली पडद्यावरून धावायला लागल्या आणि मावशी आपली त्यांच्यामागं. अठ्ठ्याऐंशी, तो पोस्टमन, चालून चालून टाचा सपाट झालेला, जोडे न्यायला आला की आधी मिस्त्रींना वाकून नमस्कार करायचा आणि मग "पत्र नाही तुम्हाला" म्हणायचा. एकशे एकतीस, नाचणारी मुलगी; तिचे साचे चार वेळा बदलले, कारण ती ऐकायचीच नाही, नाचायचीच. दोनशे नऊ, शाळेतल्या बाई, एक पाय आखूड. पहिल्यांदा जोड घालून बाकड्यापासून दारापर्यंत चालल्या आणि दारात उभं राहून रडल्या. पाय बघितला की मावशीला माणूस आठवायचा. चेहरे पुसट झाले होते, पण पाय नाही. दुपारपर्यंत ती एकटीच हसत होती, मध्येच नाक ओढत होती, आणि धाकटी पलीकडून बघून न बघितल्यासारखं करत होती.

गुरुवारी दुसरा हुकूम. बिननोंदीच्या दोनशे चौदा. मावशीनं पदर खोचला आणि मोठ्यानं विचारत सुटली, "याचा धनी कोण?" अर्धवट काढलेले साचे निघाले, कातड्याच्या रंगांची यादी निघाली, जोड्याच्या खोक्यात झोपलेल्या मांजराचा फोटो निघाला. मांजराचा धनी धाकटी निघाली. तो तिनं कोठीत नोंदवला. "कारखान्याचा माणूस होता तो," ती म्हणाली. बाकीचं कुठं नोंद, कुठं रद्दी, असं करत शुक्रवारी बारा वाजता यादी रिकामी झाली. मावशीनं हुकूम पुन्हा दिला. पडद्यावर एक ओळ नाही. दोनशे चौदांत आवाजाची एकही फाइल निघाली नव्हती.

"स्वच्छ," ती धाकटीला म्हणाली. "बिननोंदीचं काही उरलं नाही. पूस आता."

एरवी हे सांगताना तिची मान ताठ असायची. आज ती जिना चढताना कठडा धरून दर पायरीला थांबत होती.

काकू खिडकीशी बसल्या होत्या. मावशीचं तोंड बघूनच त्यांना कळलं.

"नाही ना?"

"नाही काकू. मीच पुसले असणार. तेव्हा वाटलं, टाइप झालंय, काय करायचेत... मला माफ करा."

काकू मावशीच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे गं. तुला काय माहीत होतं, मी अशी विसरभोळी निघेन." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं.

ती जिना उतरायला लागली. उतरताना डावी-उजवीकडे झुकत, कंबरेला हात लावून. शेवटच्या पायरीवर कळ आली, तोल गेला, आणि आधाराला तिनं हात टाकला तो मधल्या दाराआडच्या ॲप्रनवर. ॲप्रन सुटून हातात आला. खाली खिळ्याला तो जोड, नाकं खोलीकडे, वर धूळ. आठ वर्षं धाकटीनंही त्याला हलवला नव्हता. बाबांचं काहीतरी, म्हणून.

तो सोड.

मावशी तिथंच थबकली. शेकडो शनिवार ती या दारापाशी आली होती, आणि "सोड" म्हटलं म्हणून हा जोड वाचायचा सोडून पुढं गेली होती. जोड कुठं गेला नव्हता. इथंच होता. यादीत आला नव्हता, एवढंच.

आणि मग तिला लख्ख आठवलं, त्या आठवड्यात तिनं काय केलं होतं ते. पुसलं नव्हतं! तिची हिंमतच झाली नव्हती मिस्त्रींचा आवाज पुसायची. तिनं धाकटीला फोन करून विचारलं होतं, "यादीत दिसू नये असं काही करता येतं का?" आणि धाकटीनं सांगितलं होतं, एक छोटी फाइल असते, तिच्यात लिही की अमुक प्रकारच्या फाइलींकडे डोळेझाक कर. मावशीनं त्यात एक ओळ लिहिली होती. एकच. तेव्हापासून कॉम्प्युटर आवाजांवरून नजर उडवून पुढं जात होता, आणि हळूहळू मावशीही.

"धाकटे!" ती ओरडली. कंबर विसरून मागच्या खोलीत धावली. "पुसलास?"

धाकटी तारा गुंडाळत होती. "अजून नाही. चहा घेऊन पुसणार होते. का?"

"लाव परत! लाव म्हणते ना!"

"अगं, यादी रिकामी आहे म्हणालीस ना मघाशी?"

"यादी रिकामी आहे. फोल्डर कुठं रिकामं आहे!"

धाकटीनं तारा पुन्हा जोडल्या. मावशी उभ्या उभ्याच खुर्चीवरून पुढं वाकली. पुठ्ठ्यावरच्या दुसऱ्या हुकमाला एक शेपूट होतं, 'डोळेझाक केलेलं सोडून'. इतकी वर्षं ती ते मुकाट्यानं टाइप करत आली होती. आज तिनं ते शेपूट गाळलं आणि हुकूम दिला.

पडदा भरला. पुन्हा भरला. आवाज, आवाज, आवाज. एक हजार एकशे शहाण्णव.

मावशीचा जीव भांड्यात पडला. धाकटी मात्र पडद्याजवळ वाकून एकेका ओळीवरून बोट फिरवायला लागली. "बाबा," एवढंच म्हणाली. डोळेझाकीचा मार्ग तिनंच सांगितला होता, आणि दुपारी चहा पिऊन ती ते सगळं पुसणार होती.

सगळं नव्या लॅपटॉपवर उतरवून दोघी वर गेल्या. काकूंनी चष्मा लावला, ऐकायला चष्मा कशाला ते त्यांनाच ठाऊक. धाकटीनं पहिली फाइल लावली. खर्र खर्र कानस, आणि मग, "क्रमांक तीनशे सहा. डाव्या पायाची कमान उंच. कातडं मऊ घ्या. एवढंच."

काकू ऐकत होत्या. "आहे," त्या म्हणाल्या. "तेच आहेत. पण हा गिऱ्हाइकांसाठीचा आवाज गं. घरचा वेगळा होता."

आणखी चार लावल्या. सगळ्या तशाच. मग धाकटी म्हणाली, "थांबा, यात सगळ्यात लांब कोणती आहे बघते. बाबा बटण बंद करायला विसरायचे." एक निघाली, पाऊण तासाची, सतरा वर्षांपूर्वीची.

"क्रमांक पाचशे चाळीस. दोन्ही अंगठ्यांना जागा. एवढंच."

सवयीनं मावशीचा हात बंद करायला पुढं गेला. काकूंनी तिचं मनगट धरलं. "राहू दे."

कानस चालू राहिली. मिस्त्री काहीतरी गुणगुणत होते, सूर नसलेलं. मग जिना करकरला आणि काकूंचाच आवाज आला, सतरा वर्षं तरुण.

"चहा ठेवलाय. गार झाला की मग मला बोलायचं नाही."

"आलो गं. हा एवढा जोड होऊ दे."

"कुणाचा?"

"यादीवालीचा. डावा पाय नऊ मिलिमीटर आखूड आहे तिचा. दर साली टाच बघतो. आता कशी सरळ झिजते."

"तिला सांगितलंत की नाही अजून?"

"कशाला? सांगितलं की पायाकडे बघत चालेल. आता बघ, कशी तरातरा चालते. कंबर दुखायची थांबली तर खुर्चीचं कौतुक करते. करू दे. खुर्ची बिचारी नाही म्हणत नाही."

काकूंचं हसू. मग, "अहो, निदान नोंद तरी करून ठेवा. उद्या तुम्ही नसलात तर?"

कानस थांबली.

"इथं नोंद कोण करतं? तीच ना? मग तिच्याकडूनच तिची नोंद करून घेऊ होय?"

"मग?"

"मग काय. मी आहे तोवर मी आहे. चल, चहा."

स्टूल सरकलं, जिना करकरला, आणि पुढं रिकाम्या खोलीचा आवाज नुसता.

काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. "हाच," त्या म्हणत होत्या, "हाच गं, हाच." डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंड हसत होतं. मग त्यांचं लक्ष मावशीकडे गेलं. मावशी बाजारातल्या जोड्यातल्या आपल्या पायांकडे बघत बसली होती.

"अगं, तुला ठाऊक नव्हतं?" काकू म्हणाल्या. "मला वाटलं, कधीतरी कळलं असेल. मी विसरूनच गेले बघ. आणि तू वर्षभर कंबर धरून माझा जिना चढतेयस!"

"आणि मी खुर्ची दाखवत होते हो लोकांना," मावशी म्हणाली. "अख्खं आयुष्य खुर्ची दाखवत होते!" आणि मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता रडू आवरेना, आणि धाकटीनं उठून दोघींना एकदम मिठी मारली.

जुना कॉम्प्युटर शुक्रवारी गेला नाही. शनिवारी सकाळी धाकटीनं खिळ्यावरचा जोड काढला, फडक्यानं पुसला. खाली, तळाला, पेन्सिलीनं बारीक रेघा होत्या. दर साली एक, पंचवीस रेघा. आठ वर्षांपूर्वी थांबलेल्या. तिनं साचे मोजले, डाव्याची टाच नऊ मिलिमीटर चढी भरली, आणि तो आकार फोल्डरात घातला. दुपारी चहाच्या वेळी काकू दोघींच्या खांद्यांवर हात टाकून, दर पायरीला शिव्या घालत, किती वर्षांनी जिना उतरून खाली आल्या आणि मिस्त्रींच्या स्टुलावर बसल्या.

मावशीनं दुसरा हुकूम दिला. बिननोंदीच्या यादीत एकच नाव आलं. तिनं सवयीनं बोटं पुढं केली, तर धाकटीनं खुर्चीची पाठ धरली.

"ऊठ मावशी. ही नोंद तू नाही करायची. मी करते."

मावशी उठली. खुर्ची सोडून कामाच्या माणसांसारखी भिंतीशी जाऊन उभी राहिली. चौतीस वर्षांत या बाजूनं ती खोली तिनं कधी बघितली नव्हती. काकूंनी डावा साचा दोन्ही हातांनी उचलून वर धरला.

"याचा धनी कोण?"

मावशी म्हणाली, "मी."

काकूंनी साच्याचं नाक भिंतीकडे फिरवलं, आणि धाकटीनं नोंद केली.